हात थरथरतात की गाडी

माझे भावजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, लोकांना चारचाकी चालवायला शिकवतात. त्यांच्या शाळेच्या छोट्या पांढऱ्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक आहे, आणि भावजींचा उभा जन्म त्या ब्रेकवर पाय ठेवून गेला. आमच्या भागातले निम्मे लोक त्यांच्याकडेच शिकले. मीसुद्धा. पहिल्याच दिवशी मी गाडी एका दुकानाच्या पायरीकडे नेली, तर माझा पाय ब्रेक शोधेपर्यंत ती थांबलीसुद्धा. भावजी समोर बघत म्हणाले, "सावकाश. दुकान कुठे पळून जात नाहीये." त्यांच्या तोंडी हा शब्द इतका बसला होता की शिकणारे त्यांना सावकाश सर म्हणायचे, आणि त्यांचंही त्यावर काही म्हणणं नव्हतं.

घरातही तेच. कुलूप लावलं की ओढून बघणार, चार पावलं गेले की परत येऊन ओढून बघणार. रस्ता ओलांडताना आम्ही पलीकडे पोहोचून गप्पा मारत उभे, आणि भावजी अजून अलीकडेच मान वळवतायत. अशा माणसाने एका संध्याकाळी जेवताना सांगितलं की आपण मोटारसायकल घेतोय.

"कसली मोटारसायकल?" ताईने विचारलं. मी राहते घाटापलीकडे, पण ताईकडे सारखी येऊन-जाऊन असते, त्या दिवशीही तिथेच होते.

"इटालियन. नवीन आली आहे. वेगातही चांगली आणि लांबच्या प्रवासालाही. आपल्याकडे पहिल्या गाड्या आत्ताच उतरल्यात."

"म्हणजे इथे कुणी अजून चालवून पाहिलेलीच नाही."

"तिकडे पाहिली आहे की."

"तिकडचे लोक तिकडेच पडले असतील, तर आपल्याला कसं कळणार?"

ताई हॉस्पिटलच्या प्लास्टरच्या खोलीत काम करते. मोटारसायकल म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे रंग येत नाही, हाडं येतात. कुठल्या वळणावरून कसला पाय येतो हे तिला पाठ आहे. आता ही आदळआपट करणार असं मला वाटलं. पण तिने नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. भावजी ताटातल्या घासाशी खेळत होते, आणि कान लाल झाले होते.

नंतर भांडी आवरताना त्यांनी मला हळूच सांगितलं, "छोटी, इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या हातातल्या गाडीत बसलोय. स्टिअरिंग त्याचं आणि भीती माझी. एकदा तरी दोन्ही माझंच असावं ना?"

ताईने हे ऐकलं असणार, कारण हात पुसत ती दारात आली आणि म्हणाली, "घ्या. पण एकट्याने लांब जायचं नाही. जाल तिथे मागे मी."

"तुला भीती नाही वाटणार?"

"वाटेल. घरी बसून वाटण्यापेक्षा मागे बसून वाटलेली बरी."

गाडी आली. गर्द निळी, पुढून एखाद्या पक्ष्यासारखी, दोन्ही बाजूंना सामानाचे डबे, बटण दाबलं की वर सरकणारी काच, थंडीत गरम होणारी सीट. कंपनीने तिला जे नाव दिलं होतं ते आमच्यापैकी कुणाला धड उच्चारता येईना. ताईने एकदा तिच्याकडे बघितलं, भावजींच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिचं नाव सवत ठेवलं. तेच रूढ झालं.

भावजींनी तरुणपणी एक हलकी गाडी चालवली होती, तेवढाच काय तो अनुभव. शोरूमच्या फाटकातून बाहेर पडतानाच सवत बंद पडली. शोरूमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, गाडी पुन्हा चालू करून दिली, भावजींनी टाळ्यांमध्ये मान झुकवली. मी जवळ उभी होते म्हणून मला दिसलं, हेल्मेटच्या काचेमागे त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यांचे पाय जमिनीला टेकत होते, पण नुसते चवडे. एवढं वजन चवड्यांवर तोलायचं म्हणजे लग्नाच्या बायकोला खांद्यावर घेऊन दोरीवर चालण्यासारखं, असं ते मला नंतर म्हणाले. ताईला सांगू नकोस असंही म्हणाले.

सुरुवातीचे दिवस ते पहाटे उठून मोकळ्या रस्त्यावर जायचे. ताई मागे. जाताना दोघं बडबडत, येताना गप्प. मी विचारलं तर "मस्त आहे गाडी," असं दोघंही म्हणायचे, एकमेकांकडे बघत.

या गाडीच्या मालकांचा फोनवर एक ग्रुप होता. शोरूमनेच काढून दिलेला. त्यात सगळे आपापले अनुभव टाकायचे. एक बेकरीवाला होता, अंगाने आडदांड, त्याला सगळे पैलवान म्हणायचे. तो लिहायचा, "वळणात अशी वाकते की बस! लोण्यातून सुरी!" दातांच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, त्या लिहायच्या की कामाचा सगळा शीण हिच्यावर बसलं की उतरतो. कुणी डोंगराचे फोटो, कुणी सूर्यास्ताचे. भावजी ते सगळं वाचून दाखवायचे आणि मग स्वतः काय लिहावं म्हणून विचार करत बसायचे. शेवटी त्यांनी लिहिलं, "गाडी छान आहे. सीट लवकर गरम होते." पैलवानने खाली हसण्याची चित्रं टाकली.

खरं ते त्यांनी लिहिलंच नव्हतं. खरं असं होतं की एका सकाळी बाहेरच्या रुंद रस्त्यावर, ताई मागे आणि दोन्ही डबे भरलेले असताना, वेग वाढला आणि हँडल हातात थरथरलं. फार नाही. पाण्याच्या पेल्याखाली टेबल हलावं इतकंच. वेग कमी केला की गेलं. पुढच्या वेळी पुन्हा आलं, थोडं जास्त वेळ राहिलं.

भावजी एकटेच शोरूममध्ये गेले. मॅनेजर तरुण, चटपटीत. त्याने सगळं ऐकून घेतलं, गाडी आवारात एक चक्कर फिरवून आणली आणि हसत म्हणाला, "सर, गाडी एकदम ओके आहे. ही जातिवंत घोडी आहे, बसणाऱ्याचं मन ओळखते. तुम्ही हात फार घट्ट धरताय. तुमचीच थरथर तिच्यात उतरते. सवय झाली की जाईल."

आवारातल्या चकरेत ना मागे ताई होती, ना डबे भरलेले होते, ना वेग होता. पण हे भावजींच्या तेव्हा ध्यानात आलं नाही. त्यांच्या ध्यानात एवढंच राहिलं की हात आपले आहेत.

त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले तर दार उघडंच होतं. भावजी खिडकीशी उभे, हात समोर लांब केलेला, हाताच्या पाठीवर वर्तमानपत्राचं पान पसरलेलं. पानाच्या कडेकडे ते डोळे बारीक करून बघत होते. मला पाहून पान झटकन घडी केलं.

"काय चाललंय, भावजी?"

"काही नाही. हात स्थिर आहे का बघत होतो."

"मग?"

"बघेपर्यंत असतो. बघायला लागलं की हलतो."

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांच्या वडिलांचे हात म्हातारपणी कापायचे, आणि त्या कंपामुळे शेवटी त्यांचं स्वतःच्या हाताने जेवणंही सुटलं होतं, हे मला उशिरा आठवलं. ज्याच्या हातापायावर पोट आहे, त्याला हात हलण्याची भीती काय असते हे आपल्याला सांगून कळत नाही. गाडी बिघडली असती तर दुरुस्त झाली असती. भावजींना वाटत होतं ते बिघडलेत.

ताईला त्यांनी सांगितलं नाही. ताईनेही त्यांना काही सांगितलं नाही, आणि तिच्याकडेही सांगण्यासारखं होतं, हे पुढे कळलं.

आतापर्यंत घाट ओलांडून मीच यायचे. पाऊस संपून हवा कोरडी झाल्यावर दोघांनी सवतीवरून माझ्याकडे यायचं ठरवलं. दोन दिवस राहायचं, परत जायचं. पहिला लांबचा प्रवास. ग्रुपवर त्यांनी "उद्या घाट" एवढंच लिहिलं, तर शुभेच्छांचा पाऊस पडला. सकाळी निघाले. बोगद्याच्या अलीकडच्या पंपावरून ताईचा फोन आला. "आलोच," म्हणाली. आवाज असा होता की मी विचारलं, "बरी आहेस ना?" ती म्हणाली, "हो गं. वारा फार आहे."

त्यानंतरचं मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण जुळतं.

बोगदा लांब आहे. आत वारा नाही, रस्ता गुळगुळीत, दिवे. भावजींना आत बरं वाटलं, खांदे सैल झाले. बोगदा संपतो तिथे रस्ता एकदम उताराला लागतो, लांबलचक वळण घेतो आणि एका बाजूला दरी उघडी पडते. दगडी कठडा आहे, पण गुडघ्याएवढा. बोगद्याच्या तोंडातून बाहेर पडले आणि दरीतून आलेल्या वाऱ्याने गाडीला आडवी थप्पड मारली. हँडल थरथरलं. भावजींनी ते घट्ट धरलं. मग ते थरथरणं राहिलं नाही. हँडल इकडून तिकडे आपटायला लागलं, एखादं जनावर मान झाडून लगाम तोडायला बघतं तसं. हातांना ते आवरेना. हेल्मेटच्या आतून दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू यायची सोय होती. भावजींना कानात ताईचा श्वास ऐकू येत होता, तुटक तुटक, आणि समोरून चढावर एक बस येत होती.

"मला बसचा ड्रायव्हर दिसला," भावजी सांगतात. "त्याने दोन्ही हात वर केले होते. म्हणजे त्यालाही काही करता येण्यासारखं नव्हतं."

इतक्या वर्षांचा पाय. तो गेला ब्रेकवर, होता नव्हता तेवढा जोर घेऊन. मागचं चाक घसरायला लागलं आणि सवत आणखी पिसाळली. तेवढ्यात कानात ताई ओरडली, "सोडा!"

काय सोडा, ते तिला आजही सांगता येत नाही. ब्रेक म्हणायचं होतं की हँडल, की मला सोडा आणि तुम्ही वाचा. तिने पुढे झोकून त्यांच्या पाठीला घट्ट मिठी मारली आणि डोळे मिटले. भावजींनी पाय सोडला. हातही सैल सोडले, नुसते ठेवले. मरायचंच तर भांडून कशाला, असं काहीतरी त्या क्षणी मनात आलं म्हणतात. हँडलचं आपटणं कमी झालं. बस अंगावरून गेल्यासारखी शेजारून गेली, तिचा गरम वारा हेल्मेटच्या आत आला. गाडी वळण सोडून कडेच्या खडीत शिरली, कठड्याला बाजूचा डबा घासत घासत गेली, दगडाला धातू खरवडल्याचा आवाज दातांत शिरला, आणि वेग जवळजवळ संपलेला असताना ती ताईच्या पायावर कलंडली.

मग शांतता.

"मला कशाचीच भीती वाटली नाही तेवढी त्या शांततेची वाटली," भावजी म्हणाले. कानात इतका वेळ ताईचा श्वास येत होता, तो बंद झाला होता. पडताना हेल्मेटचं यंत्र तुटलं होतं, पण हे त्यांना कुठे माहीत. ते पोटावर आडवे होते, मान वळवायची हिंमत होईना. पेट्रोलचा वास येत होता. कठड्यापलीकडे खूप खाली कुठेतरी पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. त्यांनी तिला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. तरी त्यांनी मान वळवली नाही. वळवली की जे असेल ते खरं होईल, असं वाटत होतं त्यांना.

मग मागून, कानातून नाही, प्रत्यक्ष ताईचा आवाज आला. रुग्णाशी बोलते त्याच आवाजात. "ओरडू नका. मी बघतेय. बोटं हलतायत. गुडघा हलतोय. घोटा गेला."

डब्याच्या पोलादी चौकटीने गाडीचं वजन पेललं होतं म्हणून पाय वाचला, नुसता घोट्याला तडा गेला. बसचा ड्रायव्हर पुढे थांबून पळत आला होता. त्याच्याही ओठांना रंग नव्हता. त्याने आणि दोन प्रवाशांनी गाडी उचलली. भावजी ताईच्या शेजारी खडीत बसले. ताई सांगते, ते तिचा हात धरून नव्हते बसले, स्वतःचे हात काखेत दाबून बसले होते, कुणाला दिसू नयेत म्हणून.

ताईने परत तिच्याच हॉस्पिटलला न्यायला लावलं. मी पोहोचले तेव्हा ती तिच्याच प्लास्टरच्या खोलीत, तिच्याच टेबलावर आडवी, आणि हाताखालच्या पोरीला सूचना देत होती, "इथे सुरकुती पडली, काढ. मी उद्या ओरडले असते ना तुझ्यावर?" मला बघून म्हणाली, "सवतीनेच मोडला शेवटी." आणि मग रडली.

त्यानंतरचा काळ वाईट गेला. गाडी शोरूमच्या आवारात झाकून ठेवली होती. मॅनेजरने सांगितलं, घसरली, कधी कधी होतं, सुदैव म्हणायचं. भावजींनी सगळं स्वतःवर घेतलं. बायकोचा पाय माझ्या हातांनी मोडला, हे एकच. ते शाळेच्या गाडीत बसायचे, पण शिकणाऱ्याने वेग जरा वाढवला की पाय आपोआप जायचा. गाडी उचक्या देत चालायची. एक मुलगी तर म्हणाली, "सर, मी शिकतेय की तुम्ही?" समोर बस दिसली की ते गाडी कडेला घ्यायला लावायचे आणि ती दिसेनाशी होईपर्यंत थांबायचे. शिकणारे कमी व्हायला लागले. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात, भावजी पाणीही फुंकायला लागले होते. जिन्यात दोन्ही हातांनी कठडा धरायचे.

एकदा मी ताईच्या पायाखाली उशी सारत होते. भावजी पलीकडे खुर्चीत. कुणी विषय काढला नव्हता. ताई एकदम म्हणाली, "ती आधीपासूनच थरथरायची."

भावजींनी मान वर केली.

"पहिल्यापासून," ताई म्हणाली. "मला सीटमधून कळायचं. कंबरेपर्यंत यायचं. आधी वाटलं माझेच गुडघे कापतायत. घाबरट आहे ना मी. बोलले नाही. म्हटलं, मी बोलले तर तुम्ही गाडी ठेवून द्याल आणि आयुष्यभर म्हणाल की हिच्यामुळे ठेवली."

भावजींनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला वाटलं माझे हात."

"तुमच्या हातांना काय धाड भरलीय? रोज माझा पाय उचलून ठेवता, कधी दुखला नाही."

मी उठून खोलीबाहेर गेले. आत कितीतरी वेळ दोघं हळू आवाजात बोलत होती. एकाच गाडीवर, एकाच थरथरीवर बसून दोघं आपापली भीती वेगवेगळी सांभाळत होती, आणि दोघांनाही दुसऱ्याने घाबरू नये म्हणून जीव मुठीत धरून हसायचं होतं. दोघांपैकी एकाने जरी तोंड उघडलं असतं तर घोटा शाबूत राहिला असता. पण हे मागून कळतं.

त्याच सुमारास शोरूमने मालकांना बोलावलं. "मालकांचे अनुभव" असा कार्यक्रम होता. गाडी बाजारात येऊन काही महिने झाले, म्हणून छोटी चित्रफीत करायची. बोलावणं सगळ्यांना गेलं त्यात चुकून भावजींनाही आलं. त्यांनी फोन उलटा ठेवला. ताई म्हणाली, "जायचं."

"तिथे जाऊन काय सांगू?"

"वाटलं ते. अनुभवच मागतायत ना?"

कुबड्या घेऊन ताई, बाजूला भावजी, मागे मी, असे आम्ही गेलो. चकचकीत फरशी, मधोमध दिव्यांखाली नवी लाल गाडी, समोर कॅमेरा. एकेक मालक उभा राहून बोलत होता. डॉक्टरीणबाई बोलल्या, पैलवान बोलला, टाळ्या झाल्या. मॅनेजरला आम्हाला बघून काय करावं कळेना. पण भावजी सरळ जाऊन गाडीशेजारी उभे राहिले. त्यांचे हात खरंच कापत होते. त्यांनी ते लपवले नाहीत.

"मला या गाडीची भीती वाटते," ते म्हणाले.

कुणीतरी हसलं. भावजी थांबले, हसणं संपू दिलं, आणि पुढे सांगितलं. मोठं काही नाही. कुठे थरथरायची, केव्हा, ओझं किती, बोगद्यापुढे काय झालं. "मला सांगितलं होतं माझे हात थरथरतात. असतीलही. पण बायको मागे बसते, तिलाही ते सीटमधून कळायचं. तुमच्यापैकी कुणाला असं होतं का, एवढंच विचारायचं आहे. कुणालाच होत नसेल तर मी घरी जातो आणि पुन्हा कुणाला त्रास देत नाही."

मॅनेजर पुढे झाला, "सर, आपण हे आतमध्ये बोलूया..."

कुणीच बोललं नाही. मग कोपऱ्यातून पैलवानचा आवाज आला, नेहमीपेक्षा बराच बारीक. "मी तर बायकोला मागे घ्यायचंच बंद केलंय." सगळे त्याच्याकडे वळले. तो मान खाली घालून म्हणाला, "डबे भरले की हलते. मला वाटलं माझं वजन जास्त आहे म्हणून. लाज वाटली." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या फक्त शहरात चालवतात, त्यांचे सूर्यास्ताचे फोटो शहराच्या टोकाच्या पुलावरचे आहेत, पुलापुढे गेल्या नाहीत त्या कधी. आणखी एक बोलला. आणखी एक. ज्यांना काहीच झालं नव्हतं असेही होते, आणि ते खोटं बोलत नव्हते. पण त्यांच्याही चेहऱ्यावरचं हसू आता नव्हतं. कॅमेरावाल्याने कॅमेरा कधी बंद केला कळलं नाही.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मी मागे कुणाला बसवून बघितलंच नाही."

महिन्याभरात कंपनीची माणसं आली. पुढच्या भागातलं एक बेअरिंग काही गाड्यांमध्ये सैल राहिलं होतं, मागे वजन पडलं की ते दगा द्यायचं. सगळ्या गाड्या बोलावून ते बदललं. भावजींची गाडी डब्यासकट नीट करून घरी पोहोचवली. पुन्हा पुन्हा तपासली, मागे माणूस बसवून, डबे भरून. आता काही हलत नाही म्हणाले. खरंच हलत नव्हतं.

भीती मात्र कुणी बदलून दिली नाही. गाडी अंगणात कितीतरी दिवस उभी होती आणि भावजी तिच्याभोवती फिरायचे, पुसायचे, बसायचे नाहीत. विका म्हणून मी एकदा म्हणाले, तर म्हणाले, "अशी विकली तर मी तिला भिऊन विकली असं होईल. एकदा तो उतार उतरून येतो. मग विकतो."

ताई म्हणाली, "मागे मी बसणार नाही आता."

"तुला कोण सांगतंय?"

"पण एकटं जायचं नाही."

यातून जो मार्ग निघाला तो बघायला गल्लीतले लोक बाहेर आले होते. पुढे निळी इटालियन गाडी, भावजी वर, चवडे टेकवत. मागे शाळेची छोटी पांढरी गाडी, चालवायला ताई, डोक्यावर शिकाऊ वाहनाची पाटी तशीच. ती काढायची राहून गेली होती. शेजारच्याने ओरडून विचारलं, "सर, नक्की शिकतंय कोण?" भावजींनी हात हलवला नाही. दोन्ही हात हँडलवर होते.

मी घाटापलीकडे माझ्या फाटकात उभी होते. तो दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. फोन हातातच. घाटाकडून येणाऱ्या प्रत्येक मोठ्या आवाजाला मी रस्त्यावर येऊन बघायचे. एक ट्रक. एक बस. पुन्हा ट्रक. वेळ टळून गेली तसं मला ते दोघं खडीत दिसायला लागले, आणि मी ते चित्र झटकायला अंगण झाडायला घेतलं. झाडून झालेलं अंगण पुन्हा झाडलं.

शेवटी वळणावर निळं काहीतरी दिसलं आणि त्यामागे पांढरं. इतक्या हळू येत होते की एक सायकलवाला त्यांना मागे टाकून पुढे आला.

भावजींनी गाडी स्टँडवर लावली, पण हेल्मेट काढलं नाही. ताई गाडीतून उतरली, लंगडत त्यांच्याजवळ गेली आणि तिनेच त्यांच्या हनुवटीखालचा पट्टा सोडवला. त्यांचा चेहरा घामाने भिजला होता, तिच्या पाठीला कपडे चिकटले होते.

"बोगद्याच्या तोंडाशी थांबलो होतो," भावजी मला म्हणाले. "आत. बाहेर पडायचं धाडस होईना. मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या."

"मग?"

"ही मागून दिवे मारत होती."

"मी घाबरले होते," ताई म्हणाली. "मागून कुणी येऊन धडकेल म्हणून. पुढे जा, एवढंच म्हणत होते मी."

"मला वाटलं तू परत फिर म्हणतेयस," भावजी म्हणाले, "पण परत फिरायला जागाच नव्हती."

दोघांनी एकदमच पाणी मागितलं. मी तांब्या आणायला आत वळले. खिडकीतून बघितलं तर ती दोघं माझ्या पायरीवर शेजारी शेजारी बसली होती, बोलत नव्हती, आणि उद्या परत जायला दुसरा, घाट नसलेला रस्ता कुठून जातो ते ताई फोनवर शोधत होती.